सोबतीला कोण?

घरातील मुलगी परदेशी निघाली की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो एकच – "सोबतीला कोण आहे?" तिकीट, पगार, थंडीचे कपडे, राहण्याची सोय या साऱ्या गोष्टी मागाहून निघतात. हा प्रश्न केवळ भीतीपोटी विचारला जातो असे आम्हांला वाटत नाही. माणसाने एकट्याने उंबरठा ओलांडणे ही साधी गोष्ट नव्हे, हे जुने शहाणपण त्यामागे आहे. त्यातच घरात आजारपण असेल, कोर्टकचेरी चालू असेल, देशात युद्ध पेटलेले असेल, किंवा मन कशाने तरी पोळलेले असेल, तर तो उंबरठा दुप्पट उंच होतो.

या प्रश्नाला इतिहासाने दिलेले एक उत्तर वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा मानस आहे. १८७० च्या दशकापासून १९२० पर्यंतच्या सुमारे पाच दशकांत चार स्त्रियांनी घरच्या कोणाही पुरुषाच्या सोबतीवाचून समुद्र ओलांडला. एक स्कॉटलंडची, एक आपल्या मुंबईची, एक ऑस्ट्रियाची आणि एक ऑस्ट्रेलियाची. कोणाचा तो परदेशाचा पहिलाच प्रवास होता, कोणी आधी एखादी फेरी केली होती. पण पुढे काय वाढून ठेवले आहे याची खात्री नसलेले असे मोठे प्रस्थान चौघींनाही नवे होते. चौघीही डॉक्टर झाल्या. चौघींच्याही प्रस्थानामागे कठीण काळाचा रेटा होता. आणि या चौघींपैकी काही जणींनी एकमेकींना कधी पाहिलेही नाही, तरी त्या एकाच धाग्यात ओवल्या गेल्या आहेत. तो धागा उलगडून पाहिला, म्हणजे सोबत या शब्दाचा अर्थ अधिक खोल असल्याचे ध्यानात येते.

कथेचा आरंभ एडिंबरो शहरात होतो. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी तेथील विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळविला. पुढे 'एडिंबरोच्या सात' या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. १८ नोव्हेंबर १८७० रोजी परीक्षेला जाणाऱ्या या विद्यार्थिनींची वाट एका जमावाने अडविली, त्यांच्यावर चिखल फेकला. १८७३ मध्ये न्यायालयानेही विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला आणि पदवीचे दार बंद झाले. या लढ्याला पाठिंबा देणाऱ्यांत एडिंबरोचे खासदार डंकन मॅक्लारेन यांचे घराणे होते. त्यांची कन्या ॲग्नेस हिला स्वतःलाही डॉक्टर व्हायचे होते. १८३७ साली जन्मलेली ही बाई तेव्हा पस्तिशी ओलांडून गेली होती. त्या काळी या वयात स्त्रीने नवे शिक्षण आरंभणे म्हणजे हसे करून घेणेच होते.

मायदेशी दार बंद झाले, तेव्हा ॲग्नेस फ्रान्समधील माँपेलिये या नगरात गेल्या. तेथील विद्यापीठ युरोपातील अतिशय जुन्या वैद्यकीय पीठांपैकी एक होय. परका देश, परकी भाषा, भोवती पुरुष विद्यार्थी. ॲग्नेस या प्रेस्बिटेरियन पंथात वाढलेल्या. परंतु माँपेलियेत त्या राहिल्या फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठात. आपल्या पंथाच्या नसलेल्या एका परदेशी विद्यार्थिनीला त्या भगिनींनी आसरा दिला. १८७८ मध्ये ॲग्नेस पदवीधर झाल्या. त्याच वर्षी आयर्लंडमधून त्यांनी व्यवसायाचा परवानाही मिळविला आणि पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. भगिनींच्या मठात राहिल्या म्हणून त्यांनी लगेच धर्मपंथ बदलला, असे मात्र घडले नाही. तब्बल २० वर्षांनी, १८९८ मध्ये, वयाच्या साठीनंतर त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. कोणाला आपल्या घरी ठेवून घेतल्याचे फळ किती वर्षांनी येते, याचा हिशेब माणसाने मांडू नये हेच बरे.

आता आपण मुंबईकडे वळू. कारण एडिंबरोच्या लढ्याची एक शाखा १८८३ मध्ये थेट मुंबईला येऊन पोहोचली. त्या सात जणींपैकी डॉ. एडिथ पीची या स्त्रियांसाठी उभारल्या जाणाऱ्या कामा हॉस्पिटलची जबाबदारी घेण्यासाठी येथे आल्या. आणि त्या मुंबईत असतानाच शहरातील एका तरुणीची कहाणी सगळ्या हिंदुस्थानात गाजू लागली.

रखमाबाई यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आईने पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र पित्याच्या घरी राहून त्यांनी वाचन वाढविले. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीवरील हक्क मिळावा म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. खटला उभा असतानाच, १८८५ मध्ये, त्यांचा पाठीराखा असलेले सावत्र वडील निवर्तले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण तो अपिलात फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांच्या तुरुंगवासास तयार व्हावे. ज्या लग्नाला आपली संमतीच नव्हती ते पाळण्यापेक्षा आपण तुरुंग पत्करू, अशी भूमिका त्यांनी घेतली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर कडक टीका केली. दुसरीकडे सुधारकांनी त्यांच्यासाठी निधी उभा केला. अखेर जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन आपला हक्क सोडला.

चार वर्षे ज्या तरुणीचे नाव वर्तमानपत्रांतून आणि चव्हाट्यावर चघळले गेले, तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपल्यापैकी ज्यांच्या घरात कधी कोर्टाचे समन्स आले असेल त्यांना करता येईल. अशा वेळी माणसाला कोपऱ्यात तोंड लपवून बसावेसे वाटते. रखमाबाईंनी १८८९ मध्ये विलायतेचा रस्ता धरला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यापासून मुंबई ते इंग्लंड हा प्रवास आगबोटीने तीनेक आठवड्यांवर आला होता; पण अंतर कमी झाले तरी समुद्र ओलांडण्याविषयीची समाजाची अढी कमी झालेली नव्हती. त्यांना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन देणाऱ्या, त्यासाठी पैसा उभा करण्यास हातभार लावणाऱ्या होत्या त्याच डॉ. एडिथ पीची. आणि लंडनमध्ये त्यांना आधार देणाऱ्यांत होते वॉल्टर मॅक्लारेन व त्यांच्या पत्नी ईव्हा. हे वॉल्टर म्हणजे डंकन मॅक्लारेन यांचे चिरंजीव, ॲग्नेस यांचे सावत्र भाऊ. माँपेलियेत ज्या कुटुंबाच्या लेकीला परक्यांनी आसरा दिला होता, त्याच कुटुंबाने परक्या देशातून आलेल्या मुंबईच्या लेकीला आधार दिला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध होता असे आमचे म्हणणे नाही. मात्र दार उघडे ठेवण्याची सवय असणारी काही घरे असतात, एवढे यावरून नक्की दिसते.

१८७४ साली स्थापन झालेल्या लंडनच्या स्त्री-वैद्यक विद्यालयात रखमाबाईंचे शिक्षण झाले. १८९४ मध्ये त्या ब्रुसेल्सहून एम. डी. होऊन मायदेशी परतल्या. सुरतेला आणि नंतर राजकोटला त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांचा कारभार तीन दशकांहून अधिक काळ सांभाळला. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, ९० वर्षांचे आयुष्य जगून, त्यांनी देह ठेवला. ज्या खटल्याने त्यांचे तारुण्य ग्रासले, त्याने चेतविलेल्या वादाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला मोठा हातभार लागला. म्हणजे परदेशी जाणे हा त्यांच्यासाठी पळ नव्हता. पळणारा माणूस मागे वळून येत नाही. रखमाबाई आल्या, आणि ज्या समाजाने त्यांना घेरले त्याच समाजातील बायकांच्या उशाशी आयुष्यभर उभ्या राहिल्या.

त्या बायकांची दशा काय होती, हे समजल्यावाचून पुढची कथा कळणार नाही. पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया परपुरुषाकडून तपासून घेत नसत. मग तो डॉक्टर असो की आणखी कोणी. बाळंतपण अडले तर दाराबाहेर डॉक्टर उभा असला तरी आत बाई मरत असे. उत्तर हिंदुस्थानात तर ही स्थिती अधिकच बिकट होती. रावळपिंडी हे शहर आज पाकिस्तानात आहे. त्या काळी ते पंजाब प्रांतात होते आणि तेथे मिल हिल संस्थेचे मिशनरी काम करीत. तेथील स्त्रियांची हाक ॲग्नेस मॅक्लारेन यांच्या कानी पडली. त्यांनी लंडनमध्ये एक साहाय्य समिती उभारली, निधी जमविला आणि १९०९ मध्ये रावळपिंडीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट कॅथरिन रुग्णालय उघडले गेले. वयाच्या ७२ व्या वर्षी त्या स्वतः हिंदुस्थानात येऊन ते पाहून गेल्या.

परंतु रुग्णालय झाले तरी डॉक्टर कोठून आणावयाच्या? धर्मभगिनी सेवेला तयार होत्या. पण व्रतस्थ भगिनींनी वैद्यकीचा, विशेषतः प्रसूतीचा, व्यवसाय करू नये असा निर्बंध त्या काळी ख्रिस्तसभेच्या नियमांत होता. ॲग्नेस यांनी हा निर्बंध सैल व्हावा म्हणून रोमकडे पुन्हा पुन्हा विनंती केली. ती त्यांच्या हयातीत मान्य झाली नाही. तोवर प्रापंचिक कॅथलिक तरुणींनी डॉक्टर होऊन पुढे यावे, असे आवाहन त्या करीत राहिल्या. १७ एप्रिल १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. जगाच्या हिशेबाने पाहिले तर त्यांच्या हाती काय लागले होते? एक लहानसे रुग्णालय, एक अमान्य विनंती आणि काही पत्रे.

त्या पत्रांपैकी काही एका तरुण ऑस्ट्रियन मुलीला गेलेली होती. ॲना डेंगेल हिचा जन्म १६ मार्च १८९२ रोजी तिरोलच्या डोंगरांतील श्टेग या गावी झाला. बालपणीच तिची आई वारली होती. शिक्षणानंतर ती फ्रान्समधील लियों शहरी जर्मन भाषा शिकविण्यासाठी गेली; घराबाहेरचे तिचे ते पहिले परदेशवास्तव्य. पुढे ॲग्नेस यांचे आवाहन तिच्या वाचनात आले. पडद्याआडच्या आयाबाया औषधावाचून मरतात, हे वाचून तिने ॲग्नेस यांना पत्र लिहिले. उत्तर आले ते अगदी व्यवहारी होते. ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टरी करावयाची तर ब्रिटिश राज्यातील पदवी हवी. तेव्हा आयर्लंडमधील कॉर्कच्या विद्यापीठात नाव घाल. दोघींची भेट होण्यापूर्वीच ॲग्नेस यांचे निधन झाले. मार्ग दाखविणारीच गेली. तरीही ॲना कॉर्कला गेली.

आणि मग महायुद्ध आले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटन व ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटले, आणि ब्रिटिश राज्यात शिकणारी ही मुलगी एका रात्रीत शत्रुराष्ट्राची नागरिक झाली. अशा परकीयांना पोलिसांकडे नोंद करावी लागे, हालचालींवर बंधने येत. तिरोलमधील घर रणरेषेच्या पलीकडे राहिले. १९१६ मध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाला. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. या सर्व काळात ॲना शरीरशास्त्राची पुस्तके पाठ करीत होती. १९१९ मध्ये ती पदवीधर झाली, तेव्हा ज्या साम्राज्याची प्रजा म्हणून ती घरून निघाली होती, ते ऑस्ट्रियाचे साम्राज्य नकाशावरून पुसले गेले होते.

येथे एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. रखमाबाई १८८९ मध्ये निघाल्या तेव्हा पारपत्र, व्हिसा हे शब्द सामान्य प्रवाशाच्या वाटेला फारसे येत नसत. हे जाळे विणले गेले ते पहिल्या महायुद्धाने; हिंदुस्थानचा पारपत्र कायदा १९२० चा आहे. पूर्वी प्रवाशाला भीती असे ती वादळाची आणि समाजाच्या जिभेची. आता तिच्यात कचेरीच्या शिक्क्याची भर पडली. पराभूत शत्रुराष्ट्राच्या या डॉक्टरणीला हिंदुस्थानात येण्याची परवानगी लगोलग कशी मिळावी? तिने मधल्या महिन्यांत इंग्लंडमध्ये साहाय्यक डॉक्टर म्हणून काम केले आणि वाट पाहिली. प्रवासाच्या कथा सांगताना आपण जहाज सुटण्याचा क्षण सांगतो; पण अनेकदा खरी परीक्षा जहाजाची वाट पाहण्यात झालेली असते. १९२० मध्ये डॉ. ॲना डेंगेल रावळपिंडीला पोहोचल्या, ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा एका बाईच्या रुग्णालयात.

त्याच १९२० साली दुसऱ्या टोकाहून आणखी एक जहाज हिंदुस्थानाकडे निघाले होते. डॉ. मेरी ग्लॉरी या ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील. जन्म २३ जून १८८७; मेलबर्न विद्यापीठाची वैद्यकीय पदवी १९१० ची. न्यूझीलंडमध्ये काही काळ काम करून त्या मेलबर्नला परतल्या. तेथे त्यांचा व्यवसाय उत्तम चालला होता, रुग्णालयांतही मान होता. २४ ऑक्टोबर १९१५ हा रविवार होता. महायुद्धाचे दुसरे वर्ष. मृतांच्या याद्या रोज वर्तमानपत्रांतून येत होत्या. त्या दिवशी मिस्सेनंतर डॉ. ग्लॉरी यांच्या हाती एक पुस्तिका आली. ती होती दिवंगत डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांच्या कार्याविषयीची. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, एवढीच तिची हाक होती. आपले आयुष्य कशासाठी आहे हे त्या दिवशी आपल्याला उमगले, असे त्या पुढे मानीत आल्या.

मात्र हाक ऐकताच त्या बंदरावर धावल्या नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मध्ये चार वर्षे गेली. त्या वर्षांत त्यांनी कॅथलिक स्त्रियांच्या एका समाजसेवी संघाचे अध्यक्षपद सांभाळले आणि प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग व नेत्ररोग या विषयांत अधिक अभ्यास करून १९१९ च्या अखेरीस एम. डी. ही पदवी मिळविली. जेथे जावयाचे तेथे काय लागेल, ते आधी शिकून घेतले. २१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ऑस्ट्रेलियाचा किनारा सोडला आणि १२ फेब्रुवारीला त्या गुंटूर येथे, जीझस-मेरी-जोसेफ संघाच्या डच भगिनींकडे पोहोचल्या. वय ३२. मायदेश त्यांनी पुन्हा कधीच पाहिला नाही.

गुंटूरला त्यांनी त्या संघात प्रवेश केला. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांना धर्मभगिनी असूनही वैद्यकी करण्याची खास अनुज्ञा दिली. ॲग्नेस यांची जी विनंती रोममध्ये पडून होती, तिची पहिली फट अशी उघडली. साध्याशा दवाखान्यापासून आरंभ करून सिस्टर मेरी यांनी रुग्णालय उभे केले, सुइणींना, परिचारिकांना व कंपाउंडरना शिकविले. आणि १९४३ मध्ये भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. आज ती साडेतीन हजारांहून अधिक लहानमोठ्या आरोग्यसंस्थांना जोडते. आपल्या महाराष्ट्रातील अनेक मिशन दवाखानेही याच व्यापक कुटुंबातील आहेत. ५ मे १९५७ रोजी बेंगळूर येथे त्यांचे निधन झाले. २०१३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'देवाची सेविका' म्हणून घोषित करून संतपदाच्या वाटेवरील पहिले पाऊल टाकले.

इकडे रावळपिंडीत डॉ. डेंगेल एकट्याने शेकडो रुग्ण पाहत होत्या. काही वर्षांतच त्यांचे शरीर व मन थकून गेले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. धैर्याने समुद्र ओलांडला म्हणजे पलीकडे ताण उरत नाही, अशी समजूत करून घेऊ नये. एकटीने कितीही केले तरी पुरे पडत नाही, हे त्यांना रावळपिंडीनेच शिकविले. त्या युरोपला परतल्या, प्रार्थना व चिंतन केले, अमेरिकेत जाऊन लोकांना ही गरज समजावून सांगितली. आणि ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे एक डॉक्टर व दोन परिचारिका यांच्यासह 'मेडिकल मिशन सिस्टर्स' या संघाचा पाया घातला. जुना निर्बंध अजून कायम असल्याने त्यांना जाहीर व्रते घेता येत नव्हती. तरी त्यांनी काम थांबविले नाही, ख्रिस्तसभेशी भांडणही मांडले नाही. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द्सच्या मातेच्या सणादिवशी, रोमहून सूचनापत्र निघाले आणि धर्मभगिनींना प्रसूतीसह संपूर्ण वैद्यकीय सेवेची मुभा मिळाली. ॲग्नेस यांच्या मृत्यूला तेव्हा जवळपास २३ वर्षे लोटली होती. डॉ. डेंगेल १९८० मध्ये निवर्तल्या. दिवस होता १७ एप्रिल, ॲग्नेस यांच्या मृत्यूचाच दिवस.

वाचकहो, आता पहिल्या प्रश्नाकडे पाहू. या चौघींच्या सोबतीला कोण होते? जहाजाच्या डेकवर पाहिले तर घरचे कोणी नव्हते. पण ॲग्नेस यांच्यासाठी माँपेलियेच्या मठात एक खोली तयार होती. रखमाबाईंच्या मागे एडिथ पीचींचा शब्द आणि पुढे मॅक्लारेन दांपत्याचा आधार होता. ॲनाला एका वृद्धेचे पत्र पुरले. मेरी ग्लॉरी यांना तर एका मृत स्त्रीच्या चरित्राच्या चार पानांनी वाट दाखविली आणि गुंटूरच्या भगिनींनी उतरून घेतले. म्हणजे सोबत ही नेहमी शेजारच्या आसनावरच बसलेली असते असे नाही. ती कधी निघण्यापूर्वी भेटते, कधी पोहोचल्यावर, आणि कधी तिची हाडे केव्हाच मातीत मिसळलेली असतात. संतांच्या सहभागितेवर आपण श्रद्धा ठेवतो. तिचा एक व्यवहारी अर्थ असाही आहे, असे म्हणावयास आम्हांला संकोच वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की चौघींपैकी एकीनेही केवळ दुःखापासून दूर जावे म्हणून प्रवास केला नाही. दुःख होते, रेटाही होता; पण पुढे एक नेमके काम दिसत होते. मागचा रेटा माणसाला बोटीवर चढवील. पण उतरल्यावर उभे राहण्याचे बळ पुढच्या कामातूनच येते. आणि तिसरी गोष्ट तयारीची. पदवी कोणती लागेल, परवानगी कोण देईल, कोणता रोग तेथे अधिक, याची चौकशी त्यांनी केली. ईश्वरावरील भरवसा आणि कागदपत्रांची नीट जुळवाजुळव यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आज आपल्या धर्मग्रामांतून मुली-मुलगे आखातात, युरोपात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जातात. कोणी परिचारिका, कोणी विद्यार्थी, कोणी बोटीवर. कित्येकदा घरावरचे कर्ज, वडिलांचे आजारपण किंवा मोडलेले लग्न यांचे ओझे बॅगेच्या वजनात धरले जात नाही एवढेच. ते बरोबर असतेच. निरोपाच्या दिवशी आपण त्यांच्या कपाळावर क्रूस करतो, मिस्सेत नाव घेतो. ते योग्यच आहे. पण एवढ्यावर आपले कर्तव्य संपते का? तिकडे उतरवून घेणारे कोण, पहिला महिना कोणाकडे, तेथील चर्च कोणते, पारपत्र मालकाने ठेवून घेतले तर दाद कोणाकडे मागावयाची, आणि मन खचले तर फोन कोणाला करावयाचा, ही चौकशी निघण्यापूर्वी घराने आणि धर्मग्रामाने मिळून करावयाची आहे. जे आधी जाऊन स्थिरावले आहेत त्यांनी मागून येणाऱ्यासाठी एक खाट मोकळी ठेवावयाची आहे. आणि परगावची, परराज्यातील एखादी मुलगी आपल्या गल्लीत नोकरीला आली असेल, तर तिच्यासाठी आपले दार हेच माँपेलियेचे दार आहे, हेही विसरता कामा नये.

म्हणून वडीलधाऱ्यांनी तो जुना प्रश्न जरूर विचारावा. फक्त तो विचारून मुलीला उंबरठ्याच्या आत थांबवू नये. "सोबतीला कोण?" याचे उत्तर शोधण्याचे काम निघणाऱ्या मुलीचे नाही, ते मागे राहणाऱ्या आपल्या सर्वांचे आहे.